लॉन काढलं आणि तुती सुकायला लागली: वाळवंटी हवेतल्या एका अंगणाचं प्रकरण

वाळवंटी हवामानात घराभोवतीचं लॉन काढायचंय असं कुणी म्हटलं की मी लगेच हो म्हणते. वर्षाला जेमतेम शे-दोनशे मिलिमीटर पाऊस, आणि हवा मात्र वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या आसपास पाणी ओढून घेणारी, तिथे हरळीचं हिरवंगार मैदान राखायला पाणी आणायचं कुठून? पण त्याच लॉनच्या पाण्यावर इतकी वर्षं जगलेलं मोठं झाड मध्ये उभं असतं, त्याचं पुढे काय, हे काम ठरवताना कुणी विचारतच नाही. हे प्रकरण त्याचंच आहे, आणि जरा सविस्तर लिहितेय कारण असं सुकणारं झाड "रोग पडला" म्हणून तोडून टाकलेलं मी फार वेळा बघितलंय.

तर घर असं. पश्चिमेला साधारण दीडशे चौरस मीटरचं अंगण, पूर्ण हरळी, मधोमध जुनी तुती, ती फळं न धरणारी सावलीची जात असते ना, ती. फांद्यांचा घेर या टोकापासून त्या टोकापर्यंत आठेक मीटर. उन्हाळ्यात दुपारनंतर ऊन तिरकं होऊन भिंतीवर यायला लागलं की पश्चिमेची भिंत आणि बेडरूमची खिडकी हिच्याच सावलीत यायची, त्यामुळे हे झाड शोभेचं नव्हतं, घराचा एसी किती चालणार हे ती ठरवत होती. लॉनला पॉप-अप स्प्रिंकलर, उन्हाळ्यात रोज पहाटे चालायचे. तुतीसाठी वेगळी सोय कधी केली नव्हती, आणि कधी गरजही वाटली नाही, कारण लॉनवर पडणाऱ्या पाण्यातलं तिला हवं तेवढं ती घेत होती.

घरमालकांनी पाणी वाचवायचं ठरवलं. उन्हाळ्याच्या शेवटी हरळी हिरवी असतानाच त्यावर ग्लायफोसेट हे तणनाशक मारलं (हे बरोबर केलं, हरळी पिवळी पडून झोपली की औषध तिच्या मुळापर्यंत जातच नाही), मग हिवाळ्यात मशीनने वरचा चारेक इंचाचा थर खरवडून काढला, त्यावर काळं प्लास्टिक अंथरलं आणि वर अडीच-तीन इंच खडी. नवीन झाडं लावली ती कोरफड, गोल निवडुंग, दोन बोगनवेली आणि कुंपणाला कणेर. सगळ्यांना ठिबक, सगळं एकाच व्हॉल्व्हवर, रोज वीस मिनिटं. तुतीलाही तासाला चार लिटरचे दोन ड्रिपर दिले, अगदी बुंध्याला चिकटून. तुतीची पानं तेव्हा गळलेली होती, त्यामुळे तिला काही होतंय हे दिसण्याचा प्रश्नच नव्हता.

वसंतात पानं आली, पण लहान. उन्हाळा चढला तशी पानांच्या कडा बाहेरून आत करपत आल्या, सगळ्यात वरच्या आणि सगळ्यात बाहेरच्या फांद्यांचे शेंडे वाळायला लागले, पश्चिमेची बाजू आधी. घरमालकांनी आधी कीटकनाशक मारलं, मग अशक्त दिसतंय म्हणून युरिया टाकला, मग टायमर वीसचा चाळीस मिनिटं केला. त्यानंतर काय झालं तर तुती तशीच वाळत राहिली आणि कोरफडी बुडातून मऊ पडायला लागल्या, दोन निवडुंग खालून सडले, कणेर पिवळी पडली. एकाच अंगणात एक झाड तहानेने मरतंय आणि दोन हातांवरची बाकीची पाण्याने सडतायत! मग ज्याने काम केलं होतं त्याने सुचवलं की तुतीचा सगळा शेंडा छाटून टाकू, नवीन फूट येईल. इथे मला बोलावलं.

मी गेले तेव्हा घरमालकीण बाईंचं पहिलं वाक्य, "ताई, झाडाला पाणी रोज मिळतंय हो, टायमर लावलाय, मी स्वतः बघते."

रोज मिळत होतं हे खरंच होतं. किती आणि कुठे, हे बघायचं होतं.

आधी बाकीच्या शक्यता काढून टाकल्या, कारण पाणी कमी पडलंय हे दिसत असलं तरी दुसरं काही असेल तर नुसतं पाणी देऊन झाड वाचत नाही. तणनाशकाचा परिणाम असता तर नवीन पानं वाकडी-तिकडी, अरुंद, पिळवटलेली आली असती, तशी नव्हती, लहान होती पण आकार नीट. बिल मागून बघितलं, कारण खडीखाली तण येऊ नये म्हणून काही लोक जमीन वर्ष-वर्ष नापीक ठेवणारी औषधं टाकतात आणि ती मुळांतून थेट झाडात जातात, त्यावर मग फारसा इलाज नसतो. इथे फक्त ग्लायफोसेट होतं, ते मातीच्या कणांना चिकटून बसतं, मुळांतून सहसा चढत नाही. मूळकुज असती तर भर उन्हाळ्यात झाड बघता बघता एकदम कोमेजलं असतं आणि वाळलेली पानं फांदीवरच लटकत राहिली असती. इथे हळूहळू, बाहेरून आत, वरून खाली असा क्रम होता. शेंडेमर अशा क्रमाने आली की माझं लक्ष पहिलं मुळाशी जातं.

मग नखाने फांद्यांची साल खरवडत गेले. टोकाच्या काड्या आतून तपकिरी, कोरड्या. अंगठ्याएवढ्या जाडीपासून मागे साल खरवडली की खाली हिरवा थर, म्हणजे झाड जिवंत आहे आणि बऱ्यापैकी आहे. पश्चिमेच्या एका मोठ्या फांदीवर मात्र साल तडकलेली, पानं विरळ झाल्यावर ऊन थेट सालीवर पडून ती भाजली होती, आणि तिथेच खोडकिड्याची भोकं. खोडकिडा धडधाकट झाडावर सहसा येत नाही, तो अशाच भाजलेल्या, तहानलेल्या फांदीवर बसतो, त्यामुळे किड्याला मूळ कारण समजून औषधं मारत बसण्यात काही अर्थ नव्हता.

मग सळई. कुठल्याही बागेत मी जाते तेव्हा ही एक हातभर-दीड हात लांब लोखंडी सळई बरोबर असते आणि माझ्या मते घरी प्रत्येकाने ठेवावी. ओल्या मातीत ती हाताच्या जोराने जाते, कोरडी माती लागली की थांबते, बस, ओल किती खोल आहे ते कळलं. ड्रिपरजवळ ती फूटभर गेली. तिथून दोन पावलं बाजूला घेतली तर तीन-चार इंचात टक्क. घेराच्या कडेला, म्हणजे जिथे फांद्यांची टोकं संपतात त्याच्या खाली, खडी आणि प्लास्टिक बाजूला करून खड्डा घेतला. प्लास्टिकखाली पीठासारखी कोरडी माती. बारीक मुळं चिमटीत धरली की मोडत होती. जिवंत जाड मुळं होती ती सगळी वरच्या फूट-दीड फुटात, आणि अडीच फुटांवर पांढरा कडक थर. त्याच्या ढेकळावर व्हिनेगर टाकलं, फसफसलं, म्हणजे चुनखडीचा थर, वाळवंटी जमिनीत हा नेहमीचाच. पाणी त्यातून खाली जातं का हे बघायला खड्डा एकदा भरून मुरू दिला, परत भरला, सकाळपर्यंत रिकामा. चांगली बातमी होती. दुसऱ्या दिवशीपर्यंत पाणी तसंच उभं राहिलं असतं तर पुढचा सगळा प्लॅन बदलावा लागला असता.

आता चित्र स्पष्ट झालं. रोज थोडं थोडं लॉनचं पाणी मिळत गेल्याने तुतीची मुळं वर्षानुवर्षं वरच्या थरातच पसरली होती. लॉन खरवडताना त्यातली बरीच बारीक मुळं मशीनने कापली गेली. जी उरली त्यांच्यावर प्लास्टिक आलं, म्हणजे चुकूनमाकून पडणारा पाऊसही बंद, आणि वर तापणारी खडी, जी दुपारी अनवाणी पाय ठेवू देत नाही आणि सूर्य गेल्यावरही तासन् तास उष्णता सोडत राहते. आणि पाणी दिलं कुठे तर बुंध्याला, जिथे एवढ्या जुन्या झाडाची पाणी पिणारी मुळं नसतातच. ती असतात घेराच्या बाहेरच्या अर्ध्या भागात आणि त्याच्याही पलीकडे. बुंधा सतत ओला ठेवला तर साल कुजते, एवढंच होतं.

आकडे घरमालकांसमोरच कागदावर मांडले, कारण हे तोंडी सांगून कुणाला पटत नाही. एक मिलिमीटर पाणी एक चौरस मीटरवर म्हणजे एक लिटर. तुतीचा घेर आठ मीटर, म्हणजे खालची जागा पन्नास चौरस मीटर. भर उन्हाळ्यात वाळवंटी हवा दिवसाला नऊ-दहा मिलिमीटर पाणी ओढते, तुतीसारख्या मध्यम गरजेच्या झाडाला त्याच्या निम्मं धरा, साडेचार मिलिमीटर, म्हणजे दिवसाला सव्वादोनशे लिटर. आणि मिळत किती होतं? चार लिटरचे दोन ड्रिपर, वीस मिनिटं, तीन लिटरसुद्धा नाही. चाळीस मिनिटं केल्यावर साडेपाचच्या आत. झाड हवामानावर बरंच जुळवून घेतं, सव्वादोनशेतलं थोडं कमी मिळालं तरी तग धरतं, पण दोनशे आणि तीन यात जुळवून काय घेणार?

यावर घरमालकांचा प्रश्न अगदी रास्त होता. "मग एवढं पाणी द्यायचं तर लॉन काढून आम्ही वाचवलं काय?"

हाच प्रश्न झाडाच्या जिवावर उठतो म्हणून त्याचं उत्तर नीट देते. अमेरिकेतल्या लास वेगासला पाणी पुरवणाऱ्या सदर्न नेवाडा वॉटर अथॉरिटीने खऱ्या घरांवर मीटर लावून अनेक वर्षं मोजमाप केलं होतं, अहवाल 2005 चा आहे. लॉनला वर्षाला दर चौरस फुटाला 73 गॅलन पाणी लागत होतं, वाळवंटी पद्धतीच्या बागेला 17. लिटरमध्ये अंदाजे 276 आणि 65. आता या घरचं दीडशे चौरस मीटर म्हणजे सोळाशे चौरस फूट, लॉनचं वर्षाचं पाणी झालं जवळपास साडेचार लाख लिटर. आणि तुतीला पूर्ण पोटभर दिलं तरी वर्षाला हजार मिलिमीटर गुणिले पन्नास चौरस मीटर, म्हणजे पन्नास हजार लिटर. लॉनच्या नवव्या हिश्श्यात ते अख्खं झाड जगतं, आणि भिंत सावलीत ठेवतं ते वेगळंच. त्याच वॉटर अथॉरिटीच्या लॉन काढण्याच्या अनुदानाला अट आहे की नवीन बागेतली झाडं पूर्ण वाढल्यावर निम्मी जमीन पानांनी झाकली गेली पाहिजे. नुसती खडी टाकून मोकळं व्हायला ते पैसे देत नाहीत, आणि मला ही अट फार योग्य वाटते, कारण खडीचं मैदान म्हणजे बाग नव्हे, ते घर तापवायचं साधन आहे.

उपाय त्याच संध्याकाळी सुरू केला. होज पाइप बारीक धारेवर सोडून घेराच्या कडेने जागा बदलत रात्रभर पाणी मुरू दिलं, वाहू न देता. नंतर घेराखालची सगळी खडी हाताने गोळा केली, फावड्याने नाही, कारण मुळं अगदी वर होती. प्लास्टिक कटरने पट्ट्या कापून काढलं, जिथे मुळं त्याला चिकटली होती तिथे ओढलं नाही, आजूबाजूचं कापून तेवढा तुकडा राहू दिला. उथळ आळं केलं पण बुंध्याभोवती नाही, बुंधा कोरडा राहील असं, आतून दोन मीटर सोडून बाहेर घेराच्या थोडं पलीकडपर्यंत.

मग वेगळा व्हॉल्व्ह. या अख्ख्या कामातला सगळ्यात महत्त्वाचा खर्च हाच होता आणि सगळ्यात जास्त टाळाटाळही यालाच होते. 1981 मध्ये डेन्व्हरच्या पाणीपुरवठा खात्याने कमी पाण्याच्या बागेची झेरिस्केप ही कल्पना पुढे आणली, तिच्या तत्त्वांमध्येच हे आहे की सारखी पाण्याची गरज असलेली झाडं एकत्र लावा. निवडुंग आणि तुती एका व्हॉल्व्हवर ठेवले तर टायमर कितीही फिरवा, दोघांपैकी एकाचं वाटोळं ठरलेलंच, ते या अंगणात डोळ्यांसमोर झालंच होतं. तुतीच्या व्हॉल्व्हवर इनलाइन ठिबकची नळी घेतली, दर तीस सेंटीमीटरला दोन लिटरचा ड्रिपर असलेली, आणि बुंध्यापासून दोन, तीन, चार आणि पाच मीटरवर अशा चार गोल फेऱ्या टाकल्या, मिळून नव्वदेक मीटर. जमिनीवरच अंथरली, चर खोदला नाही, खोदला असता तर उरलेली मुळंही कापली गेली असती. तासाला साडेपाचशे-सहाशे लिटर पडतं, म्हणजे आठवड्याभराचं पाणी तीन तासांत, दीड-दीड तासाचे दोन भाग करून, मध्ये मुरायला वेळ. वर तीन-चार इंच लाकडाच्या भुशाचं नाही, जाड चिप्सचं आच्छादन, बुंध्यापासून वीतभर लांब.

वेळापत्रकात एक गोष्ट मुद्दाम केली. सर्वसाधारण सल्ला असा की मोठ्या झाडाला दोन-तीन फूट खोल मुरेल एवढं द्या आणि मग भरपूर दिवस थांबा, अशा झाडाला उन्हाळ्यात सात ते दहा दिवसांनी, हिवाळ्यात पंधरवड्याने ते महिन्याने. पण या तुतीची मुळं वरच होती, तिला पहिल्या दिवसापासून दहा दिवसांचं अंतर दिलं असतं तर ती मेली असती. म्हणून सुरुवातीला चार-पाच दिवसांनी, सळई घालून ओल किती खाली गेलीय ते बघत, आणि मग हळूहळू अंतर वाढवत नेलं, म्हणजे मुळांना ओलीच्या मागे खाली जायला वेळ मिळतो. जमिनीला वाफसा आला पाहिजे, सतत चिखल राहिला तर मुळांना हवाच मिळत नाही, हे तर शेतकरी घरातल्या कुणालाही सांगायला नको. खोल पाण्याचा दुसरा फायदा क्षारांचा. वाळवंटातलं पाणी बहुतेक ठिकाणी क्षारयुक्तच, रोज थोडं थोडं दिलं की पाणी उडून जातं आणि क्षार वर साचत जातात, ड्रिपरभोवती पांढरी कड दिसत होती ती तीच, आणि वरून युरियाची भर पडलेली. खोल मुरवलं की हे सगळं मुळांच्या खाली धुऊन जातं.

खत बंद. शेंडा छाटायचा नाही, हे मी हात जोडून सांगितलं. उन्हाळ्यात शेंडा उडवला असता तर उरलेल्या फांद्यांवरही तसंच ऊन पडून साली भाजल्या असत्या, आणि मागून येणारी फूट कमकुवत जोडाची, वाऱ्यात फाटणारी. वाळलेलं सुद्धा लगेच काढलं नाही, कारण कुठलं खरंच मेलंय आणि कुठलं परत फुटणार हे पुढच्या वसंताशिवाय कळत नाही. तडकलेल्या फांदीला ऊन लागू नये म्हणून तेवढ्या भागावर पाणी मिसळून पातळ केलेला पांढरा वॉटर बेस पेंट लावला.

बाकीच्या व्हॉल्व्हवर कोरफड, निवडुंग, बोगनवेल राहिले. रोजचं पाणी बंद करून लांबवलं. सडलेले दोन निवडुंग काढून टाकले, कोरफडीचे चांगले फुटवे वेगळे करून सावलीत काप सुकवून परत लावले. कणेरीला निवडुंगापेक्षा जास्त लागतं, तिच्या ओळीला हाताने उघडायचा एक छोटा कॉक बसवला, आदर्श नाही पण चालतं.

उन्हाळा सरता सरता आतल्या फांद्यांवर नवीन पानं आली. पुढच्या वसंतात पानांचा आकार परत हाताच्या पंजाएवढा झाला आणि तेव्हा कुठे मेलेलं लाकूड नेमकं कळलं, तेवढंच छाटलं. पश्चिमेची भाजलेली फांदी गेली, ती वाचली नाही, आणि घेराचा साधारण पाचवा हिस्सा तिच्याबरोबर गेला. म्हणजे खिडकीवर दुपारी एका कोपऱ्यातून ऊन येतंच. पाण्याच्या बिलावर तुतीचं सगळं पाणी धरूनही लॉनच्या काळापेक्षा आकडा खूप खाली आहे, घरमालकीण बाईंनी दोन्ही बिलं शेजारी ठेवून मला दाखवली.

तुती जुनी आहे आणि तिला या हवेत कायम पाणी लागणार, त्यामुळे त्या उघड्या कोपऱ्यात वाळवंटात स्वतःहून उगवणारं झाड लावायचं ठरलं. थारमध्ये जी खेजडी, म्हणजे आपली शमी, तीच अरबस्तानात गाफ, आणि अमेरिकेच्या नैर्ऋत्येला तिच्या जागी मेस्किट किंवा पालो वर्दे, ज्या त्या प्रदेशातलं ते घ्यावं. इथे तसंच एक लहान रोप लावलंय. त्याला पहिली एक-दोन वर्षं पाणी नियमित, पण लाडाने जास्त नाही, कारण ही झाडं जास्त पाण्यावर भराभर वर जातात, मुळं मागे राहतात आणि पहिल्या वादळात आडवी होतात. खांबाला बांधलंय ते सैल, वाऱ्यात हलू दे, हलल्यानेच बुंधा जाड होतो, आणि वर्षभरात बांधणं काढायचं. त्याचे ड्रिपर सध्या बुंध्यापासून फूटभरावर आहेत. घेर वाढेल तसे ते दरवर्षी बाहेर सरकवायचे, हे काम टायमरच्या झाकणाच्या आत लिहून चिकटवलंय, पुढची तारीख येत्या फेब्रुवारीची.